चाकाखालच्या विटा

धर्मराज गजभियेच्या ट्रेलरच्या चाकाखालच्या दोन विटा मी उचलल्या आणि शाळेच्या जिमच्या दाराशी जी झुडपं आहेत, त्यांच्यामागे नेऊन टाकल्या. त्याआधी केबिनमध्ये चढून ट्रकला व्यवस्थित ब्रेक लावला होता. एवढ्या जबाबदारीनं केलेलं काम माझ्या खात्यावर दुसरं नाही, आणि इतकी लाजही मला दुसऱ्या कुठल्या कामाची वाटलेली नाही.

पंच्याऐंशीचा जानेवारी. आमच्या मंडळाची संक्रांत. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या एका शाळेचा हॉल आम्ही भाड्यानं घेत असू आणि मी मंडळाचा सेक्रेटरी असल्यामुळे त्या शाळेतल्या प्रत्येक खुर्चीच्या पायाला मी जबाबदार असे. तिळगूळ, हळदीकुंकू आणि तीन अंकी नाटक असा बेत होता. नाटकाचा सेट फिलाडेल्फियाच्या मंडळाकडून उसना आणायचा. तो आणायला अख्ख्या व्हर्जिनिया-मेरिलंडात आमच्याकडे एकच माणूस होता. धर्मराज.

धर्मराज नागपूरच्या इंदोऱ्याचा. स्कॉलरशिपवर ओहायोला आला, सिव्हिलमध्ये एम. एस. केलं, एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. तिथे तीन वर्षं टिकला. मग नोकरी सोडून त्यानं ट्रक घेतला. का, असं कोणी विचारलं की म्हणे, "तीन वर्षं रस्त्यांची ड्रॉइंग्ज काढली. म्हटलं, जाऊन बघावं तरी कुठे जातात ते."

आता आली का पंचाईत! मंडळात कोणी पाहुणे आले की आम्ही ओळख करून द्यायचो, "हे आमचे धर्मराज. इंजिनिअर आहेत, ओहायोचे एम. एस." आणि पाहुणे "वा!" म्हणेपर्यंत धर्मराज मागून भरदार आवाजात पुस्ती जोडायचा, "आणि ट्रक चालवतो!" पाहुण्यांचा "वा" अर्ध्यात थांबायचा. आमचे खजिनदार विनय साठये यांनी त्यावर एक तोड काढली होती. ते म्हणत, "धर्मराज ट्रान्सपोर्टेशनमध्ये आहेत." हे वाक्य इतकं सुबक होतं की त्याच्या आत अठरा चाकं आहेत हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नसे.

माणूस मोठा बोलका. ट्रकमध्ये सीबी रेडिओ, त्यावर त्याचं टोपणनाव 'ऑरेंज'. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात कंटाळा आला की तो रेडिओवर मराठीत बोलत सुटे आणि दहा मैलांतले सगळे ड्रायव्हर "ऑरेंज, तू ठीक आहेस ना?" असं काळजीनं विचारत. ट्रेलरच्या मागच्या दारांवर त्यानं एका पेंटरकडून आईचं नाव देवनागरीत काढून घेतलं होतं. रत्नाबाई. ही वीतभर उंचीची केशरी अक्षरं. पेंटरनं शिरोरेघ इतकी जाड ओढली होती की नावाला जणू छप्परच घातलंय.

दरवर्षी धर्मराज नाटकात काम मागे. दरवर्षी आम्ही त्याला पडदा देत असू. "तुझा आवाज फार मोठा आहे रे," असं कारण आम्ही सांगायचो. रंगभूमीवर आवाज मोठा असणं हा दोष आहे, हा शोध जगात फक्त आमच्या मंडळाला लागला असावा.

तर त्या शनिवारी सकाळपासून बर्फ पडून रस्त्यांवर त्याचा नुसता चिखल झाला होता. दुपारी चारच्या सुमारास धर्मराज आला. थेट दाराशी न येता त्यानं पार्किंग लॉटमध्ये हळूहळू दोन-तीन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबत, सोडत. मला वाटलं, मिरवतोय. मग गाडी सपाटीला लावली, उतरला आणि सीटमागून दोन लाल विटा काढून ट्रेलरच्या चाकाला एक पुढून, एक मागून अशा लावल्या.

त्या विटा बघून मी आधी कोणी बघतंय का ते पाहिलं. अमेरिकेतला एवढा चकचकीत ट्रक, आणि चाकाखाली वीट! आपल्याकडे घाटात बंद पडलेला ट्रक उभा असतो, तो देखावा मी हजारो मैल मागे टाकून आलो होतो, तो हा माणूस सीटमागे घालून बरोबर घेऊन फिरत होता. त्यात शाळेचा केअरटेकर, मिस्टर हॉलोवे, नेमका तिथून बर्फ ओढत चालला होता. तो थांबला, चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, "ब्रिक्स, हं?" आणि गेला.

एवढंच बोलला तो. पण त्या 'हं'नं माझी पाठ सोडली नाही. तो 'हं' माझ्या दृष्टीनं माझ्यासाठी होता, मंडळासाठी होता, बैलगाडीपासून पुढच्या आपल्या सगळ्या वाहतुकीसाठी होता. पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही इथपर्यंत मी त्या 'हं'चा अर्थ लावून टाकला.

संध्याकाळी नाटकाआधी माझी बायको सरला म्हणाली, "अहो, हलव्याच्या दागिन्यांचा खोका धर्मराजभाऊंच्या केबिनमध्येच राहिला. तेवढा आणता?" धर्मराज शिडीवर चढून पडद्याची दोरी ओवत होता. त्यानं वरूनच किल्ली टाकली.

"श्रीरामभाऊ, खोका सीटवरच आहे. बाकी काही हलवू नका हं!"

"हो हो," मी म्हणालो. बायकोला म्हणतात तसा 'हो हो'.

खोका घेतला आणि समोर बघतो तर डॅशबोर्डवर एक पिवळं बटण. त्यावर स्वच्छ लिहिलेलं: पार्किंग ब्रेक, लावण्यासाठी ओढा. बटण आत होतं. म्हणजे ब्रेक लावलेलाच नव्हता! एवढा ट्रक दोन विटांच्या भरवशावर, आणि आत दीडशे माणसं तिळगूळ खाणार! लिहिलेल्या सूचना पाळण्यातच माझा जन्म गेलेला. मी ओढलं. 'फुस्स' असा हवेचा मोठा आवाज झाला आणि शेजारचं लाल बटण आपणहून बाहेर आलं. ट्रकनं मला धन्यवाद दिले असं मला वाटलं. ब्रेक लागल्यावर विटांचं काय काम? त्या मी झुडपामागे टाकल्या, हात झटकले आणि दागिने घेऊन हॉलमध्ये गेलो. मिस्टर हॉलोवे दिसल्यावर त्याच्याकडे बघून हसलोसुद्धा.

नाटक चांगलं झालं. पडदा तर फारच वेळेवर पडला. त्या रात्री धर्मराज आमच्याकडेच बेसमेंटमध्ये झोपला. सरलानं त्याला हळद घालून दूध दिलं, आणि तो आनंदानं नुसता उतू जात होता. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई येणार होती. रत्नाबाई. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास, लंडनला विमान बदलून डलसला. डलस विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

"वहिनी, तिनं सगळ्या इंदोऱ्यात सांगून ठेवलंय," तो दुधाचा पेला हातात फिरवत म्हणाला, "की पोरगा मला अठरा चाकांच्या गाडीतून घरी नेणार. कार्गोवाले ओळखीचे आहेत, तिथे ट्रक लावतो आणि तिला चालत आणतो. आधी मागच्या दाराशी नेणार. नाव दाखवणार. मग वर चढवणार. हेगर्सटाउनपर्यंत दीड तास माझ्या शेजारी बसेल. विमानात तिला खिडकी मिळो न मिळो, माझी खिडकी तिची!"

रात्रीत थंडी अशी काही पडली की वॉशिंग्टनात राष्ट्राध्यक्षांचा शपथविधीसुद्धा छपराखाली हलवावा लागला. माझी टोयोटा सकाळी चालू होताना म्हातारीसारखी खोकली.

आम्ही दहा वाजता शाळेत पोचलो. विनय आणि कमिटीची चार माणसं हॉल आवरायला आली होती. सेट ट्रेलरमध्ये चढवला. धर्मराज केबिनमध्ये गेला, आणि दार उघडं ठेवून क्षणभर डॅशबोर्डकडे बघत बसला. मग उतरला. चाकापाशी गेला. खाली बघितलं, पुढून, मागून. मग मान वर करून आम्हा सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे. माझ्यावर त्याची नजर जरा जास्त थांबली. मी आभाळाकडे बघत होतो. आभाळात काहीही नव्हतं.

मग परत वर चढला. इंजिन चालू केलं, ब्रेकच्या टाकीत हवा भरू दिली, बटणं आत ढकलली. ट्रक पुढे सरकला. ट्रेलरची चाकं मात्र फिरेनात. गच्च बसलेली चाकं बर्फावरून तशीच घसटत गेली, शाळेत जायचं नाही म्हणून पाय ताणून बसलेल्या पोरासारखी.

"काय झालं रे?" विनयनं विचारलं.

"ब्रेक गोठलेत," धर्मराज म्हणाला. "ओल्या चाकांना ब्रेक लावून ठेवला की रात्रीत आतलं पाणी गोठतं. ब्रेकचं लायनिंग चाकाच्या ड्रमला चिकटून बसतं."

"मग लावलास कशाला?"

धर्मराजनं हातोडा काढला, पुठ्ठ्याचा खोका फाडून जमिनीवर अंथरला आणि ट्रेलरखाली शिरला. आतून 'ठण् ठण्' आवाज यायला लागला.

विनय माझ्याजवळ सरकून म्हणाला, "काल रात्री घेऊन झोपला असणार. ड्रायव्हर लोकांचं हे असंच. एम. एस. कर नाही तर आणखी काही कर."

आता बघा. तो माणूस काल रात्री माझ्या घरी होता आणि हळदीचं दूध पिऊन झोपला होता, हे मला माहीत होतं. ब्रेक कोणी लावला, हे तर माझ्याइतकं या जगात कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "नाही रे, तसं काही..." हे मी इतक्या हळू म्हणालो की विनयला ऐकूच गेलं नाही. ऐकू जाऊ नये असंच म्हणालो होतो. ट्रेलरखालचा हातोडा मात्र त्याच सुमारास एकदा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

सांगायचं हे मी ठरवलं होतं. फक्त योग्य वेळ बघत होतो. योग्य वेळ ही चीज अशी आहे, की भित्र्या माणसाला ती दिवसभर पुरते.

गुन्हा कबूल करण्यापेक्षा मदत करणं केव्हाही सोपं. मी हॉलमध्ये गेलो, चहाचं मोठं स्टीलचं भांडं भरून पाणी उकळलं आणि कोणाला न विचारता शेवटच्या चाकावर आतल्या बाजूनं ओतलं. भस्सकन वाफ आली. वाफ बघून चौघांनी टाळ्याही वाजवल्या.

"कोण आहे रे तिकडे?" धर्मराज खालून ओरडला. "पाणी ओतू नका! आत्ता गोठेल परत!"

गोठलंच. बघता बघता त्या चाकावर काचेसारखा थर चढला. धर्मराज रांगत बाहेर आला. भुवयांवर बर्फ, कोपरावर ग्रीस. माझ्या हातातल्या रिकाम्या भांड्याकडे बघून म्हणाला, "श्रीरामभाऊ, आता चहा कशाचा करणार?"

सगळे हसले. मीही हसलो. तेही आता आठवलं की कान गरम होतात.

एकेक करत तीन ड्रम सुटले. चौथा, म्हणजे मी पाणी ओतलेला, ढिम्म. सरला घड्याळ बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "धर्मराजभाऊ, आईंचं विमान उतरत आलं. नुसता पुढचा भाग सोडवून घेऊन जाल का?"

"मुंडकं घेऊन जाऊ?" तो म्हणाला. "वहिनी, तिचं नाव मागच्या दारावर आहे." मग हातमोजे काढून बोटांवर फुंकर मारली. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. "श्रीरामभाऊ, तुम्ही घेऊन या तिला. इथेच आणा. तोवर बघतो. नाहीच सुटला तर नाव तरी बघेल."

मी गेलो. डलसला त्या वेळी विमानातून उतरलेल्या माणसांना टर्मिनलपर्यंत आणायला चाकांवरच्या अजस्र खोल्या असायच्या. रत्नाबाई कस्टममधून बाहेर आल्या. पांढरं लुगडं, त्यावर पुरुषी स्वेटर, पायात मोज्यांवरून चपला, आणि चेहरा असा की हा विमानतळ त्यांनी नुकताच तपासून पास केलाय.

"मावशी, मी श्रीराम. धर्मराजचा मित्र. त्यानं पाठवलंय."

"तो नाई आला?" त्या थबकल्या. मग मागे बोट दाखवून म्हणाल्या, "मले वाटलं, ते खोली चालवत आणली ते धर्म्यानंच. आत जाऊन पाहून आली मी डायवरले. दुसराच होता."

गाडीत बसताना त्यांनी माझ्या टोयोटाकडे एकदा पुढून, एकदा मागून बघितलं. "हे त लहान हाये," म्हणाल्या. चार चाकं मोजल्याचं त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"तुम्ही ते मंडळवाले श्रीरामभाऊ का?" वाटेत त्यांनी विचारलं. "टेपात तुमचं नाव असते." धर्मराज आईला दर महिन्याला कॅसेट भरून पाठवायचा आणि ती कॅसेट सगळी गल्ली ऐकायची, हे त्यांनी मला सांगितलं.

"काय सांगतो माझ्याबद्दल?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणते, चांगला माणूस हाये. फक्त भेते लई."

इंदोऱ्याची एक अख्खी गल्ली मला ओळखत होती, आणि बरोबर ओळखत होती. सांगायला ही वेळ अगदी योग्य होती. मी हीटर वाढवला.

लॉटमध्ये पोचलो तर हातोड्याचा आवाज चालूच होता. रत्नाबाई उतरल्या तशा सरळ ट्रेलरच्या मागच्या दाराशी गेल्या. नावाच्या एकेका अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं. "मोठं केलं लेका," एवढंच म्हणाल्या. धर्मराज खालून आला आणि ग्रीसचे हात दोन्ही बाजूंना धरून तसाच आईच्या पायाशी वाकला. त्यांनी त्याच्या टोपीवरचा बर्फ झाडला. "गाडी चालत नाई का रे?" त्या म्हणाल्या. "मी सगळ्याईले सांगून आली."

"चालेल, आई. एक चाक राहिलंय."

विनय पुढे झाला. वयाचा मान ठेवून, गोड आवाजात. "काही नाही आजी, रात्री जरा विसरला तो. दमला असेल. ब्रेक लावून ठेवला, तो गोठला. ड्रायव्हरकडून होतं असं कधीकधी."

रत्नाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "धर्म्या? थंडीत बिरेक?" त्या म्हणाल्या. "नाई बापू. तो थंडीत बिरेक लावतच नाई. दोन हिवाळे टेपात तेच सांगते. ओल्यात गाडी आली का आधी चाकं फिरवून वाळवाची, मंग विटा लावाच्या, बिरेकले हात नाई लावाचा. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्याईले पाठ हाये ते." मग त्या वाकल्या आणि चाकाखाली बघायला लागल्या. "विटा कुठं हायेत रे? इंदोऱ्याच्या घराच्या पाडल्या भिंतीतल्या दोन विटा मी यंदा बोरकराच्या पोरासंग पाठवल्या होत्या. याच गाडीसाठी पाठवल्या होत्या."

विनय धर्मराजकडे बघत होता, सरला माझ्याकडे. तिनं मला खोका आणायला पाठवलं होतं, आणि तिला मी लग्न झाल्यापासून ओळखतो. तिचा चेहरा बघूनच मला कळलं की आता योग्य वेळ संपली.

मी जिमच्या दाराशी गेलो. झुडपामागचा बर्फ हातांनी उकरला. विटा गोठून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या बुटाच्या टाचेनं सोडवायला लागल्या. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक अशा घेऊन मी लॉट ओलांडून परत आलो. तो लॉट फार मोठा होता. मिस्टर हॉलोवे दाराशी उभा होता. त्यानं बघितलं आणि या वेळी 'हं'सुद्धा केलं नाही.

"मावशी, विटा मी काढल्या," मी म्हणालो. "ब्रेकही मीच लावला. धर्मराजचा काही दोष नाही. आणि तो काल रात्री माझ्या घरी दूध पिऊन झोपला होता, विनय." शेवटचं वाक्य मोठ्यानं म्हणालो. सकाळी म्हणायला हवं होतं, तेवढ्या मोठ्यानं.

विनयनं घसा साफ केला आणि तो सेटच्या दोऱ्या तपासायला निघून गेला. दोऱ्या सकाळीच बांधून झाल्या होत्या.

रत्नाबाईंनी माझ्या हातातून विटा घेतल्या, पदरानं पुसल्या. "काऊन काढल्या बापू?" त्यांनी विचारलं. रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"बरं दिसत नव्हतं," मी म्हणालो.

याहून खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं आणि याहून वाईटही नव्हतं. त्यांनी विटांकडे बघितलं, काय बरं दिसत नाही ते त्यांना दिसेना, आणि त्या विटा त्यांनी केबिनच्या पायरीवर नीट ठेवल्या.

मग मी कोट काढला आणि धर्मराजच्या मागोमाग पुठ्ठ्यावर आडवा झालो. मी बॅटरी धरली, त्यानं हातोडा मारला. माझ्या पाण्याचा बर्फ खपल्याखपल्यांनी माझ्याच तोंडावर पडत होता. सूर्य कलायला लागला तेव्हा ड्रम 'टक्' करून सुटला. आम्ही बाहेर आलो. धर्मराजनं ट्रक हातभर पुढे घेतला, हातभर मागे घेतला. चारही बाजूंची चाकं फिरत होती.

सरलानं आणि मी मिळून रत्नाबाईंना वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या, स्वेटर सारखा केला, आणि खाली आमच्याकडे अशा बघायला लागल्या की आम्हीच परदेशात नवीन आलोय. धर्मराजनं विटा सीटमागे सरकवल्या.

मी त्याच्या बाजूच्या पायरीवर चढून उभा राहिलो. निघता निघता मला विचारल्याशिवाय राहवेना.

"धर्मराज, विटा नाहीत, बटण ओढलेलं, किल्ली माझ्याकडे दिलेली. तुला सकाळीच कळलं होतं. विनय तसं बोलला ते ऐकलंस. मग बोलला का नाहीस?"

त्यानं हातमोजे चढवले, आरशात मागचं बघितलं आणि म्हणाला, "बघत होतो, तुम्ही कधी बोलता."